परवा या, मग बोला

कोरीट गावात जमनाबाईंना निवांत बसलेलं पाहिलं असं कुणी सांगू लागलं, तर त्या माणसाचे डोळे तपासून घ्यावेत. त्या जेवतात उकिडव्या, एक टाच उचललेली, म्हणजे उठताना वेळ जायला नको. टीव्हीवरची मालिका त्या चौकटीला टेकून उभ्यानं बघतात आणि जाहिराती लागल्या की गोठ्यात एक फेरी मारून येतात. गावात भागवत बसलं तेव्हा सगळ्या बाया पुढे हात जोडून बसल्या होत्या आणि जमनाबाई मागे सगळ्यांच्या चपला जोडीनं लावत होत्या. पुण्य सगळ्यांना सारखंच लागलं असेल, पण आपल्याला जरा जास्त लागलं असं त्या धरून चालतात.

थकवा या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. दृष्ट लागते यावर होता, अमावास्येवर होता, मोबाइलच्या टॉवरमुळे लिंबोळ्या कमी लागतात यावरही होता. थकव्यावर मात्र नाही. आळसाला शाळेत घातलं की त्याला थकवा म्हणतात, इतकी त्यांची समज सरळ. पुरावा म्हणून त्या स्वतःकडे बोट दाखवत. कुंदनच्या वेळी आपण बारशाच्या दुसऱ्या दिवशी शेतात गेलो, असं त्या पूर्वी सांगत. पुढे बारसं गळलं आणि पाचवी आली. हल्ली तर ऐकणाऱ्याला वाटावं, बाळंतपणच बांधावर झालं आणि नाळ कापलेला विळा बाईंनी तसाच ज्वारीला लावला.

त्यांचे यजमान भिलाभाऊ मोजकं बोलतात. एवढा संसार झाल्यावर त्यांच्या वाट्याला बोलण्यातली जागाच उरली नाही, असं गल्लीतल्या शीलाचं मत आहे. पण मोटारीची गोष्ट ते कुणीही न विचारता सांगत. दोन उन्हाळ्यांपूर्वी शेतातल्या विहिरीवर वीज आली, पण दाब कमी. भिलाभाऊ म्हणाले, थांब, दाब येऊ दे. जमनाबाईंना थांबणं माहीत नाही. त्यांनी स्टार्टरचं बटण दाबलं, ते उडालं. पुन्हा दाबलं, पुन्हा उडालं. तेव्हा बाईंनी तुरीची काडी खोचून बटण दाबूनच धरलं. मोटार सुरू झाली, पाइपातून धो धो पाणी पडलं आणि जमनाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की बिचाऱ्यानं टोपी सारखी केली. थोड्या वेळानं जळका वास आला. मोटार नंदुरबारला न्यावी लागली. जमनाबाईंनी निकाल दिला, "मोटारच कामचोर शे."

आता कुंदनकडे वळू, कारण ही सगळी भानगड तिच्यापासून सुरू झाली.

कुंदन त्यांची एकुलती एक लेक. धानोऱ्याला दिलेली. नवरा भूपेंद्र, घरची शेती आणि एका शाळेत कारकुनी. एक मुलगी, चौथीत. सासू तापीबाई. इकडे विहिणीला याहीण म्हणतात, आणि जमनाबाई आणि तापीबाई या अगदी नमुनेदार याहिणी होत्या. तोंडावर साखर आणि पाठीमागे तिखट, तेही नंदुरबारचं.

गेल्या दिवाळीनंतर कुंदनला ताप आला. सांधे धरले, अंगावर पुरळ आलं, पंधरवड्यात ताप उतरला. ताप उतरला, पण कुंदन उठली नाही. म्हणजे उठायची, स्वयंपाकाला लागायची, एखादा दिवस चांगला जायचा आणि मग अशी पडायची की केस विंचरायला हात वर धरवत नसे. झोपून उठलं तरी झोप झाल्यासारखी वाटत नसे. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. बोलता बोलता साधा शब्द सापडायचा नाही. एकदा भाजीला मीठ घालायला मिठाचा डबा हातात घेतला आणि हा कशाला घेतला हेच आठवेना, तेव्हा ती तो घेऊन ओट्यावर जाऊन बसली.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. खान्देशात लेकीनं माहेरी यायचा हा सण. भूपेंद्र तिला कोरीटला सोडायला आला. चौथीतल्या पोरीची परीक्षा होती म्हणून ती धानोऱ्यालाच तापीबाईंजवळ राहिली. जाताना तो चपलेत पाय घालता घालता म्हणाला, "आईनं सांगेल शे, धडधाकट व्हयनी म्हंजे सांगा, मंग लेवाले येसूत."

जमनाबाईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांची लेक धडधाकटच होती. सासरी राबवून घेतलं होतं, एवढंच. चार दिवस माहेरचं तूप पोटात गेलं की झालं.

आता यातली गंमत बघा. आखाजीला माहेरी आलेली लेक ही त्या आठवड्याची राणी. तिनं झाडू धरायचा नाही, भांड्याला हात लावायचा नाही, ऊन वर येईपर्यंत लोळायचं आणि संध्याकाळी लिंबाच्या झोक्यावर बसून गाणी म्हणायची. जी लेक लवकर उठते तिच्याच माहेराला नावं ठेवतात. तेव्हा कुंदन दुपारपर्यंत झोपली, तर जमनाबाईंनी अभिमानानं शीलाला दाखवलं.

"जपू दे तिले. सासरमा कोन जपू देस?" इकडे झोपण्याला जपणं म्हणतात. हे वाक्य त्यांनी जरा मोठ्यानं, धानोऱ्याच्या दिशेनं तोंड करून म्हटलं.

झोक्यावर कुंदन एकदा बसली, एकच हेलकावा घेतला आणि उतरून खाटेवर आडवी झाली. बाकीच्या पोरी हसल्या, तीही हसली. आजाराला लपायला याहून चांगली जागा सापडली नसती. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि सगळ्या गावाला माहेरपण दिसत होतं.

सण झाला. झोके सुटले. बाकीच्या लेकी खापरावरच्या पुरणपोळ्यांचे डबे घेऊन आपापल्या घरी गेल्या. कुंदन खाटेवरच. मग मात्र जमनाबाईंना भूपेंद्रचं वाक्य आठवलं. धडधाकट झाली म्हणजे सांगा. आणि नाही झाली तर? त्या वाक्याला एक दार होतं, आणि ते बाहेरून लावून घेता येणारं होतं. पेरण्या होऊनही लेक माहेरी राहिली की लोक आधी तब्येत विचारतात, पोळ्यापर्यंत विचारायचं थांबतात आणि मग आपसात बोलतात. टाकलेली, हा शब्द तोंडावर कुणी म्हणत नाही. म्हणायची गरजच पडत नाही. रोज संध्याकाळी फोनच्या पडद्यावर धानोऱ्याहून नात विचारायची, "मम्मी, कवय येशी?" आणि कुंदन "येस ना बेटा" म्हणून फोन उलटा ठेवायची. जमनाबाई तेव्हा नेमक्या म्हशीला पाणी दाखवायला जायच्या. म्हशीनं त्या आठवड्यात आयुष्यात प्यायली नसेल एवढं पाणी पाहिलं.

आजाऱ्याला बघायला येणारा माणूस रिकाम्या हातानं येत नाही, निदान घेऊन येतो. एकीनं पाय भारी आहेत, म्हणजे दिवस गेलेत म्हटलं. दुसरीनं तिन्हीसांजेला केस सोडून बाहेर गेली असेल म्हटलं. शीलानं मोबाइलचं नाव घेतलं. मेडिकलवाल्या चुनीलालनं टॉनिकची बाटली दिली आणि सलाईन लावून घ्या म्हणाला. सलाईन ही इकडे मानाची गोष्ट आहे. ती लावलेला हात माणूस आठ दिवस पुढे धरून चालतो. कुंदनला दोन लावल्या. टॉनिकनं जीभ तेवढी लाल झाली.

मग नंदुरबारला रक्त तपासून आणलं. सगळं नॉर्मल. शहरातल्या एका डॉक्टरनं कागदांवरून नजर फिरवली, "टेन्शन घेऊ नका, मन रमवा," असं सांगितलं आणि घंटी वाजवून पुढच्याला बोलावलं. जमनाबाईंनी वाटेत पेढे घेतले. घरात सगळ्यांनी खाल्ले. रडली फक्त कुंदन.

"काय व्हयनं व माय तुले? चांगलं सांगं ना डॉक्टरनं!"

"काही सापडनं नही म्हंजे काही नहीच, आसं व्हस का माय?" कुंदन म्हणाली. "तुन्ही नथ हरायनी व्हती, तवय तू सगळं घर उलटं करं. सापडनी नही. मंग नथ नव्हतीच, आसं म्हने का तू?"

जमनाबाई तडक दूध काढायला गेल्या. म्हैस सकाळीच पिळून झालेली होती.

शेवटी त्यांनी स्वतःचं औषध काढायचं ठरवलं. काम. बिबड्यांचे दिवस होते. ज्वारी भिजवून, आंबवून, दळून, मोठ्या पातेल्यात शिजवायची आणि गरम असतानाच पाण्याच्या हातानं खाटेवर पसरलेल्या ओल्या धोतरावर थापायची. उन्हात वाळली की वर्षभराचे पापड झाले. हे काम एकटीचं नाही. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या, आणि हाताला हात देऊन फेडायचं. जमनाबाईंच्या घरची पाळी आली त्या सकाळी त्यांनी कुंदनला उठवलं.

"ऊठ. हातले काम लागनं का आंग मोकळं व्हस."

"माय, काल आनि परवा मी नुसती पडेल व्हती म्हनीसन आज बरं वाटी ऱ्हायनं. तेवढं ऱ्हाऊ दे ना."

"बरं वाटी ऱ्हायनं ना? मंग तेच म्हनस मी!"

आणि खरं सांगायचं तर तो दिवस झकास गेला. कुंदन खाटांच्या मधोमध पदर खोचून उभी राहिली. तिचा हात पहिल्यापासून नेमका, बिबडी कशी, चित्रात काढलेल्या चंद्रासारखी गोल. बायांनी उखाणे घेतले, तिनंही घेतला. शीलाची बिबडी फाटली तेव्हा कुंदन म्हणाली, "शीला वहिनी, हाई बिबडी शे का नंदुरबार जिल्हाना नकाशा?" सगळं अंगण हसलं. मधेच ती आईकडे बघून म्हणाली, "माय, तू बस ना थोडी. तुन्हाकडे पाहीसन माले थकवा येस." जमनाबाई बसल्या नाहीत, पण मनातून एवढ्या फुलल्या की धोतर वाळायच्या आधीच त्यांनी धानोऱ्याला फोन लावला.

"याहीनबाई, पोर टनटनीत शे! बठ्ठी ज्वारी एकटीनं थापी. परवा लेवाले या." फोन ठेवताना त्यांनी आणखी एक टाकलं, "माहेरनं पानी लागनं तिले."

तापीबाई यायला निघाल्या. सुनेला नेण्यापेक्षा त्या माहेरच्या पाण्याला उत्तर द्यायला जास्त निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी कुंदन जरा गप्प होती. जमनाबाईंना त्यात सासरी जायची हुरहुर दिसली. तिसऱ्या दिवशी सकाळी भूपेंद्रनं गाडी दारात लावली, तापीबाई नवी साडी सावरत उतरल्या, आणि आत कुंदन भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. पडदा ओढलेला, कानात कापूस, कारण उजेडही सोसत नव्हता आणि भांड्याचा आवाजही. जमनाबाई तिला हलवत होत्या. "ऊठ व माय, याहीन उनी. एक डाव ऊठ, मंग गाडीमा जप." कुंदनचे ओठ हलले, शब्द आला नाही. तेव्हा पहिल्यांदा जमनाबाईंना भीती वाटली. नाटक करणाऱ्या माणसाला निदान बोलता तरी येतं.

तापीबाई दारात उभ्या राहून सगळं बघत होत्या.

"हाईच का टनटनीत?"

"परवा व्हती!" जमनाबाई उसळल्या. "गल्लीले इचारा. परवा बठ्ठ्या बिबड्या तिनीच करात. आज तुमी येनार म्हनीसन धसका लीसन पडनी पोर. काय करतस तुमी तिले तठे, देव जाने!"

"आमी काय करतस? आमनाकडे बी हाईच करस ती! दीरना हळदले आसी नाची का बॅंडवाला थकनात. तिसरा दिन मन्ही बहीन उनी, त हाई मानूस खाटवरनं उठनं नही. मन्हा तोंडवर पानी पडनं. मी म्हनं, माहेरनी याद येस म्हनीसन सोंग करस."

"आनि कापूस येचाले कोनी धाडी? माले सगळं माहीत शे."

"ती आपली आपली गयी! दोन दिन बरं वाटनं म्हनीसन. तिसरा दिन पडनी, ती आठ दिन..."

तापीबाई बोलता बोलता थांबल्या. जमनाबाई बोटांवर मोजू लागल्या. हळद, कापूस, बिबड्या. चांगला दिवस, खूप काम, आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे. एका लेकीला दोन घरं असतात. नाचून पडलेली तापीबाईंनी पाहिली होती आणि त्यांना वाटलं माहेरची ओढ. बिबड्या थापून पडलेली जमनाबाईंनी पाहिली होती आणि त्यांना वाटला सासरचा जाच. दोघींनी अर्धा अर्धा आजार आपापल्या पदरात बांधून ठेवला होता आणि दुसरीला दाखवायचा नाही म्हणून गाठ पक्की मारली होती.

भिलाभाऊ ओट्यावर होते. त्यांनी घसा साफ केला, ही घटना दुर्मिळ असल्यामुळे सगळे तिकडे वळले.

"कुंदननी माय, तू मोटारनं बटन काडी खोचीसन दाबी धरं व्हतं."

"आते मोटारनं काय काढं मधमा?"

"पानी उनं व्हतं तवय. धो धो उनं व्हतं." भिलाभाऊ म्हणाले. "वास मांघून उना."

जमनाबाईंनी आत जाऊन लेकीच्या कपाळावरून हात फिरवला, आणि तो हात गरम बिबड्या थापून अजून हुळहुळत होता.

डॉ. निशा वळवी यांचं नाव भूपेंद्रनं काढलं. धडगावकडच्या, सातपुड्यातल्या, नंदुरबारात दवाखाना. कुंदन थोडी सावरल्यावर गाडीच्या मागच्या सीटवर गोधडी घालून तिला आडवं नेलं. दोन्ही याहिणी पुढे एका सीटवर चेंगरून बसल्या. इतक्या जवळ त्या लग्नाच्या पंगतीतही बसल्या नव्हत्या.

दवाखान्यात दोघी एकदम सुरू झाल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ ऐकलं आणि मग पेन खाली ठेवलं. "मावशी, तुम्ही दोघी बोलायच्या थांबल्या तर मला पेशंटचं ऐकता येईल."

कुंदन सावकाश बोलली, मधे मधे शब्द शोधत. डॉक्टर तिला घाई करत नव्हत्या. आधीचे सगळे कागद त्यांनी पाहिले, आणखी थोड्या तपासण्या सांगितल्या, पडद्याआड नेऊन निजवून आणि उभं करून नाडी बघितली. मग एकच गोष्ट उलटून पालटून विचारली, "काम केलं त्या दिवशी नाही. त्याच्या नंतर काय होतं?"

या प्रश्नावर दोघी याहिणींनी एकमेकींकडे असं पाहिलं, जणू पेपर आधीच फुटला होता.

राहिलेल्या तपासण्या आल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, "याला नाव आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. रक्तात दिसत नाही, फोटोत दिसत नाही. दुसरं काही नाही ना, हे बघत बघत इथपर्यंत यावं लागतं. बऱ्याच जणांना अशा एखाद्या तापानंतर लागतो. हा आळस नाही, मनाचे खेळ नाहीत, खरा आजार आहे. पण का होतो, ते अजून पुरतं कुणालाच कळलेलं नाही. मलाही नाही."

जमनाबाईंनी आयुष्यात पुष्कळ डॉक्टर पाहिले होते. कळत नाही म्हणणारा हा पहिलाच.

"मंग बाहेर पाटी कसाले लायी?"

"मायऽ!" कुंदन म्हणाली, पण डॉक्टर हसल्या.

"न कळलेलं कळलं म्हणून सांगितलं तर तुम्ही पुन्हा पेढे घ्याल ना, मावशी."

पेढ्यांची गोष्ट कुंदननं सांगितली होती तर! जमनाबाईंनी लेकीकडे बघून डोळे वटारले आणि त्यांना मनातून बरंच वाटलं. चोरून चुगली करण्याइतकी शक्ती पोरीत शिल्लक होती.

मुळावरचं औषध अजून निघालेलं नाही, डॉक्टर सांगत होत्या. झोपेसाठी, दुखण्यासाठी, अंधारीसाठी थोडं काही देता येईल. बाकी एकच, अंगात असेल त्यापेक्षा कमी खर्च करायचा. थोडं काम, मग पडायचं, थकण्याच्या आधीच. आणि ज्या दिवशी बरं वाटेल त्या दिवशी जास्त जपायचं.

"बरं नही वाटस तवय बसनं. बरं वाटस तवय बी बसनं," जमनाबाईंनी हिशेब लावून पाहिला. "मंग काम कवय करनं?"

"थोडं थोडं. जोर लावून, व्यायाम करून हा थकवा जात नाही मावशी, वाढतो. तुमच्या बिबड्यांनी वाढला तसा."

"मोटार," जमनाबाई स्वतःशीच म्हणाल्या. डॉक्टरांना काही समजलं नाही.

"बरी होईल का?" हे भूपेंद्रनं विचारलं.

"काही जण होतात. काही बरेच सुधारतात. काही तसेच राहतात. मी खोटं सांगणार नाही."

कोरीटला परत आल्यावर ओट्यावर चहा झाला. आता तो प्रश्न उरला होता जो कुणीच काढत नव्हतं. जमनाबाईंना तो पोटात धरवेना. कपबशा उचलता उचलता, तापीबाईंकडे न बघता त्या म्हणाल्या, "याहीनबाई, तुमनं म्हननं बरोबर व्हतं. धडधाकट पोर देवाले मी फोन करा, आनि पोर काही धडधाकट नही. कवय व्हई, डॉक्टरले बी माहीत नही. मंग आते... ऱ्हाऊ देवानी का आठेच?"

एवढं बोलायला या बाईंना काय पडलं, ते त्यांना ओळखणाऱ्यालाच कळेल. आत खाटेवर कुंदन ऐकत होती. तिला तिचं घर हवं होतं, तिची पोर हवी होती, आणि मागायची तिला लाज वाटत होती, कारण बदल्यात द्यायला तिच्याकडे कामाचे हात नव्हते.

तापीबाईंनी चहाचा शेवटचा घोट बशीत ओतून प्यायला. सावकाश. त्याही काही कमी नाहीत.

"धडधाकट मी तरी कोठे शे? हाऊ गुडघा पाहा. दहा वरीस व्हयनात, जिनावर चढस नही मी. माले कोनी माहेर धाडं का? आनि मन्हं माहेर आते ऱ्हायनं बी कोठे?" त्या उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, जरा जास्तच कण्हत. "मन्ही नात रोज इचारस. भूपेंद्र, गोधडी राहू दे गाडीमा. आजच लई जासूत."

"थांबा," आतून कुंदनचा आवाज आला, बारीक पण स्पष्ट. "एक सांगस. मी बरी दिसनू म्हनीसन माले कोनी बरी समजानं नही."

"दिसशी कशी बरी, केस पाह्यना का आरसामा," तापीबाई म्हणाल्या. याचा अर्थ हो असा होता. सासवांच्या भाषेत 'हो'ला वेगळा शब्द नाही.

जमनाबाईंनी वाळलेल्या बिबड्यांचा डबा गाडीत ठेवला आणि गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या. उभं राहणं त्यांना सोपं जातं.

दिवस गेले. धानोऱ्याला तापीबाईंनी चुलीजवळ एक खाट टाकून दिली. कुंदन तिच्यावर पडून लसूण सोलते, भाजीचं मीठ चाखते, लेकीचे पाढे घेते, आणि अंग सांगायच्या आधी थांबते. कधी जमतं, कधी विसरते आणि पडते. सासू-सुनेची कुरबुर बंद झाली असं समजू नका. तापीबाई अजूनही पुटपुटतात, फक्त आता पडलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालता घालता पुटपुटतात.

तुळशीचं लग्न झाल्यावर धानोऱ्याला भावकीत लग्न निघालं. जमनाबाई आणि भिलाभाऊ कोरीटहून आले. हळदीच्या मांडवात कुंदन खुर्चीवर बसली होती. गजरा, पैठणी, ओठांना लाली, मांडीवर टेकलेली लेक. त्या एका तासासाठी ती आधी दोन दिवस पडून राहिली होती आणि तास झाला की घरी जाऊन पडणार होती. बॅंड वाजला तरी उठली नाही, बसल्या बसल्या बोटांनी ताल धरला.

खांडबाऱ्याहून आलेल्या एका चुलतसासूबाई तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळत होत्या. "आजारी शे म्हनतस हाई? लाली शे, गजरा शे, खुर्ची शे. आसा आजार माले बी दे रे देवा."

जमनाबाई मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पत्रावळी मोजत होत्या. त्यांनी त्या तिथेच ठेवल्या आणि पदर कमरेला खोचून निघाल्या. उत्तर जिभेवर तयार होतं आणि ते चांगलं तिखट होतं. पण त्या पोचायच्या आधीच तापीबाई गुडघा ओढत मधे उभ्या राहिल्या.

"परवा या."

"कसाले?"

"तिले पाहाले. आज सगळास्नी पाह्य. परवा मन्हा घर या, परदा सारा, पाहा, मंग बोला. चहा मी करसू, तिन्हाकडून पानी बी मांगू नका."

चुलतसासूबाईंना एकदम नवरदेवाची आठवण झाली आणि त्या तिकडे गेल्या.

जमनाबाई जिथल्या तिथे उभ्या राहिल्या. जिभेवरचं उत्तर फुकट गेलं होतं. कुंदननं वर बघितलं आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर हात आपटला. जमनाबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, पत्रावळींकडे पाहिलं, पुन्हा खुर्चीकडे पाहिलं. आणि बसल्या. पाठ टेकून, दोन्ही टाचा जमिनीवर.

पलीकडे पुरुषांच्या बाजूला भिलाभाऊंनी चष्मा काढून धोतरानं पुसला आणि पुन्हा लावला. तरीही तेच दिसत होतं.

थोड्या वेळानं त्यांनी नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. बाईंच्या ओटीत लसूण होता आणि बोटं तो सोलत होती.